रथ कशात आहे? खाली बसवलेल्या गाडीची गोष्ट

मागच्या वेळी आपण ‘मिलिंदपञ्ह’मधला रथ पाहिला. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा नाही म्हणत जातो. व्याख्यान संपल्यावर माझा पुतण्या म्हणाला, “काका, हे माझ्या गाडीला लागू पडतं.” म्हणून आज त्याची गाडी.

त्याने आखूड स्प्रिंगा टाकून गाडी दोन इंच खाली बसवली. वळणावर ती घट्ट धावेल ही अपेक्षा. झालं उलटंच, ती जास्त कलू लागली. असं का व्हावं?

पुढचं चाक आतल्या बाजूने दोन दांड्यांनी धरलेलं असतं. एक लोअर आर्म, दुसरा स्टिअरिंगचा टाय रॉड. चाक वरखाली झालं की दोघांची बाहेरची टोकं वर्तुळाच्या तुकड्यावर फिरतात. कारखान्यात हे दोन तुकडे एकमेकांशी जुळवलेले असतात. गाडी खाली आली, चाक मात्र रस्त्यावरच राहिलं. म्हणजे दांड्यांची बाहेरची टोकं वर गेली. आता बघा, गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, तरफ लांब होते, गाडी जास्त कलते.

यावर बाजारात लांब दांडीचा बॉल जॉइंट मिळतो. तो लोअर आर्मचं टोक पुन्हा खाली आणतो. पुतण्याने तेवढाच बसवला. टाय रॉड तसाच, वर चढलेला! हायवेवर पुलाच्या सांध्यावरून जाताना, हात स्थिर असूनही चाकं वळली आणि गाडी शेजारच्या लेनमध्ये गेली. याला बंप स्टिअर म्हणतात. नशीब, बाजूला कुणी नव्हतं.

बॉल जॉइंट खोटा होता का? नाही. पण एक दांडा दुरुस्त करून दुसरा सोडला, तर जी जुळणी होती तीही जाते. टोयोटाच्या १९८३ सालच्या एई८६ गाडीत बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचा आर्म एकाच तुकड्यावर आहेत. स्ट्रटच्या तळाशी ठोकळा घातला की दोघंही एकदम खाली येतात. इतर बऱ्याच गाड्यांत ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते, टाय रॉड एंडही त्याच हिशेबाने बदलावा लागतो.

बसवताना तीन गोष्टी. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के करायचे नाहीत. चाकांवर वजन आल्यावरच करायचे, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि फाटतो. लांब जॉइंट रिमच्या आतून घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघायचं. आणि शेवटी अलाइनमेंट. ती न केल्यास टायर एका कडेने झिजतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही आहे, गाडीत फेरफार करण्याआधी ते जरूर वाचावं.

राजाने अखेरीस मान्य केलं, की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव पडतं. पुतण्याला मी एवढंच म्हटलं, “अरे, भाग विकत मिळतो. त्यांचा मेळ आपल्यालाच बसवावा लागतो.”