माळवदी घराचा विस्तार

माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया आणि कड्या यांच्या सांगाड्यावर मातीचा जाड थर घालून केलेले सपाट छप्पर. बोलीत त्याला धाबे असेही म्हणतात. मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा वैजापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कमी पावसाच्या अशा प्रदेशात हे छप्पर पूर्वापार वापरात आहे. अशा घराला त्याच पद्धतीने एखादा भाग जोडणे, हा कुटुंब वाढल्यावर योजला जाणारा जुना उपाय होय.

रचना आणि खण

माळवदी घराचे माप खणांत सांगितले जाते. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि शेवटी पांढरी माती असा क्रम असतो. भिंती दगडमातीच्या व जाड असतात. चांगल्या बांधणीत छपराचा भार खांबांवर येतो, भिंतीवर नाही. हलक्या बांधणीत मात्र खांब वाचवून तुळईचे टोक थेट भिंतीत घातलेले आढळते. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतात. विस्ताराच्या वेळी हा फरक निर्णायक ठरतो.

विस्तार सहसा बाजूने एक-दोन खण वाढवून किंवा पुढे ओसरी काढून केला जातो. वर माडी चढवायची असल्यास खालचे खांब पुरेसे जाड असावे लागतात.

खर्च

माती व दगड गावातच मिळत असल्याने खर्चाचा मोठा वाटा लाकडाचा आणि सुताराच्या मजुरीचा असतो. लाकूड घनफुटावर विकले जाते. उदाहरणादाखल, 10 फूट लांब व 10 फूट रुंद अशा दोन खणांच्या खोलीस 6 बाय 8 इंचांच्या तीन तुळया, 6 इंच चौरस व 8 फूट उंच असे सहा खांब, 3 इंच चौरस कड्या आणि एक इंच जाडीच्या फळ्या धरल्या, तर सुमारे 37 घनफूट लाकूड लागते. जुन्या घराची शेवटची तुळई आणि तिचे दोन खांब सामाईक ठेवले, तर हाच आकडा 29 ते 30 घनफुटांवर येतो.

ही बचत मोहात पाडणारी आहे. परंतु सामाईक तुळईवर आता दोन्ही बाजूंच्या छपराचा भार येतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तळखड्यालगतचा खांबाचा बुंधा ओल किंवा वाळवीने पोखरलेला असेल, तर वाचवलेले सात-आठ घनफूट लाकूड फार महाग पडते. भिंतीत गाडलेला खांब प्लास्टरआड दिसत नाही. त्यामुळे तो उघडा करून तपासणे हे विस्ताराचे पहिले काम मानावे लागते.

सागवान महाग असल्याने जुन्या वाड्यांचे उतरवलेले लाकूड वापरण्याची रीत आहे. लिंब आणि बाभूळ स्थानिक असली, तरी लांब व सरळ तुळई त्यांतून क्वचितच निघते. स्वतःच्या शेतातील सागाचे झाड तोडण्यासही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 अन्वये परवानगी लागते. बांधकामासाठी गावात ग्रामपंचायतीची, तर वैजापूर शहरात नगरपरिषदेची परवानगी घ्यावी लागते.

भार आणि देखभाल

जाड मातीमुळे उन्हाळ्यात खोली थंड राहते, हा माळवदाचा खरा लाभ; पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. 100 चौरस फूट माळवदावर एक फूट माती असेल, तर तिचे वजन साधारण पावणेपाच टन भरते. तेवढ्याच जागेवरील पाच इंची सिमेंटचा स्लॅब तीन टनांच्या आसपास असतो, तर पातळ लोखंडी पत्रा जेमतेम 50 किलोंचा. ‘माळवद हलके, स्लॅब जड’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पावसाळ्यापूर्वी गवत काढून वर नवी माती पसरण्याची प्रथा आहे. जुनी माती न उतरवता दरवर्षी नवी घालत गेल्यास थर दोन फुटांपर्यंत वाढतो. सांगाडा मात्र तोच राहतो.

किल्लारी भूकंपाचा धडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सात हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. बहुतेक बळी दगडमातीच्या घरांखाली गाडले गेले. त्यानंतर माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि दोष लाकडालाही दिला गेला. प्रत्यक्ष पाहणीत वेगळे चित्र दिसले. आतून-बाहेरून दोन थरांत रचलेल्या, पण आरपार दगडांनी न बांधलेल्या भिंती फुगून कोसळल्या होत्या. छप्पर स्वतंत्र खांबांवर असलेल्या अनेक घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला आणि खालची माणसे वाचली.

यावरून सुचवलेल्या सुधारणा साध्या होत्या: मातीचा थर कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे आणि खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपी लाकडे ठोकून सांधे घट्ट करणे. 2005 च्या काश्मीर भूकंपात ‘धज्जी देवारी’ घरांनी तग धरला, त्यामागेही तिरप्या लाकडांचे जाळे आणि पातळ भिंती हेच कारण होते. वैजापूरचा परिसर 2002 च्या भारतीय मानकानुसार कमी धोक्याच्या दुसऱ्या भूकंपक्षेत्रात मोडतो. पण 1993 पूर्वी लातूरही त्या वेळच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्याच क्षेत्रात होते.

सद्यःस्थिती

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे. घर लहान पडल्यास स्लॅबच्या नव्या खोलीला लागून जुने माळवद तसेच ठेवण्याचा पर्याय निवडला जातो. अशा जोडणीत स्लॅब जुन्या भिंतीवर न टेकवता स्वतःच्या आधारावर उभा करणे आणि दोन्हींमध्ये थोडी फट ठेवणे आवश्यक असते. जड स्लॅब व सैल सांध्यांचा लाकडी सांगाडा भूकंपात एका गतीने हलत नाहीत. वरून ती फट पत्र्याने झाकावी लागते, अन्यथा पावसाचे पाणी थेट तुळईच्या टोकावर उतरते.