जत्रा मोडली, राडा उरला

आइस हॉकीच्या सामन्यात दोन्ही संघांचे खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांच्या अंगावर धावले, की कॅनडा-अमेरिकेतले समालोचक ओरडतात : ‘डॉनीब्रुक!’ दोघांमधल्या मारामारीला हा इंग्रजी शब्द अपुरा पडत नाही, जास्त होतो. कोण कुणाला बडवतंय हेच कळेनासं झालं, बघेही आत ओढले गेले, की ते डॉनीब्रुक. मुंबईच्या बोलीत सांगायचं तर राडा.

मुळात हे गावाचं नाव आहे. आयर्लंडची राजधानी डब्लिन, तिच्या दक्षिणेला डॉडर नदीच्या काठी हे गाव होतं. आता ते शहराचं उपनगर झालंय. आयरिश भाषेतलं त्याचं मूळ नाव ‘डाउनाख ब्रोक’, म्हणजे संत ब्रोक यांचं चर्च. प्रार्थनेच्या जागेवरून पडलेलं नाव हाणामारीचं कसं झालं, याला कारण तिथली जत्रा.

सन १२०४. इंग्लंडच्या गादीवर राजा जॉन होता. पुढे मॅग्ना कार्टावर ज्याला मान्यतेची मोहोर उठवावी लागली तोच. त्यानं डब्लिनकरांना दरवर्षी आठ दिवस जत्रा भरवण्याची सनद दिली. लवकरच आठाचे पंधरा दिवस झाले. सुरुवातीला हा व्यापाराचा बाजार होता. मग शतकं उलटली, व्यापार आटत गेला आणि तंबूंतली दारू, सारंगीवरचे नाच, डोंबाऱ्यांचे खेळ वाढत गेले. शेवटच्या काळात २६ ऑगस्ट उजाडला, की अर्धं डब्लिन डॉनीब्रुकच्या वाटेला लागायचं.

१८२८ मध्ये तिथे एक जर्मन राजपुत्र जाऊन आला : प्युक्लर-मुस्काऊ. बागा फुलवण्याच्या वेडापायी हा माणूस कर्जात बुडाला होता. शेवटी नवरा-बायकोनं संगनमतानं घटस्फोट घेतला, कारण त्याला इंग्लंडात एखादी श्रीमंत वधू गाठायची होती! वधू मिळाली नाही. पण प्रवासातून त्यानं याच घटस्फोटित बायकोला लिहिलेली पत्रं पुस्तकरूपानं आली आणि धडाक्यात खपली. त्याची मुस्काऊची बाग आज जागतिक वारसा यादीत आहे.

त्या पत्रांत डॉनीब्रुक आहे. शेकडो फाटके तंबू, धूळ, घामट वास. एका तंबूवर खूण म्हणून चक्क मेलेली मांजर टांगलेली. एकेका गाढवावर दोन-दोन, तीन-तीन बाया बसून गर्दीतून वाट काढतायत आणि वर मजेत धूर सोडतायत. लोक पिऊन लोळतायत, आरडाओरडा करतायत, भांडतायतही. तरीसुद्धा राजपुत्राचं मत असं, की इंग्लंडातल्या गर्दीत दिसणारा रानटीपणा इथे औषधालाही नव्हता. माणसं गरीब, पण दिलखुलास आणि मनानं चांगली. जगानं लक्षात ठेवलेलं डॉनीब्रुक आणि या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं डॉनीब्रुक यांत एवढा फरक आहे.

आयर्लंडात टोळ्यांच्या लढाया होत नव्हत्या, असं मात्र नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावं आणि घराणी जत्रा-बाजारांच्या दिवशी ठरवून भिडायची. आव्हान देण्याची रीतही ठरलेली : अंगातला कोट काढायचा, धुळीतून फरफटत न्यायचा आणि त्यावर पाय ठेवायची कुणाची छाती आहे असं विचारायचं. इंग्रजीत ‘कोट फरफटवणे’ म्हणजे मुद्दाम भांडण उकरून काढणे, असा वाक्प्रचारच आहे. दक्षिणेकडच्या दोन टोळ्यांची नावं तर ऐकण्यासारखी. एक ‘शॅनव्हेस्ट’, म्हणजे जुन्या बंड्यांवाले. दुसरी ‘कॅरव्हॅट’, म्हणजे गळपट्टेवाले. वरवर पोशाखांचं भांडण वाटतं. आत पाहिलं तर बंड्यांवाल्यांत खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते आणि गळपट्टेवाल्यांत राबणारे मजूर.

हत्यार होतं ‘शिलेली’. हा सोटा काटेरी ब्लॅकथॉर्नचा किंवा ओकचा. विकलो परगण्यात याच नावाचं एक गाव आहे, तिथली ओकची रानं प्रसिद्ध होती. ताजा सोटा लोणी चोपडून धुराड्यात ठेवायचा. महिनोन्‌महिने धूर आणि काजळी खाऊन तो काळा, चिवट व्हायचा. काही बहाद्दर टोकाची गाठ पोखरून आत शिसं ओतायचे. या काठीयुद्धाला आयरिश भाषेत स्वतंत्र नाव आहे, बातेराख्त, आणि ते शिकणारी मंडळी आजही आहेत.

डॉनीब्रुकच्या जत्रेचे दिवस भरले ते १८५५ मध्ये. जत्रेचा हक्क तोवर एका कुटुंबाची खासगी मालमत्ता झाला होता. डब्लिनच्या महापौरांनी पुढाकार घेतला, एका समितीनं ३,००० पौंड उभे केले, सनद विकत घेतली आणि जत्रा बंद केली. साडेसहाशे वर्षांचा सोहळा पैसे मोजून मोडला! अकरा वर्षांनी, २६ ऑगस्ट १८६६ रोजी, गावात नव्या चर्चचं उद्घाटन झालं. जत्रेची जुनी तारीखच त्यासाठी निवडली होती.

आता लंडनकडे बघा. तिथली बार्थोलोम्यू जत्रा ११३३ पासूनची. तीही ऑगस्टच्या अखेरीस भरायची, तिथेही दारू आणि दंगा, आणि तीही १८५५ मध्येच बंद पडली. पण लंडनच्या जत्रेचं नाव शब्दकोशात हाणामारी म्हणून गेलं नाही, डॉनीब्रुकचं गेलं. त्या काळी लंडनचं ‘पंच’ साप्ताहिक आयरिश माणसाला माकडतोंड्या काढत होतं. आयरिश म्हणजे भांडखोर, हे आधी ठरलं होतं. शब्द नंतर सापडला. माझ्या मते त्या गावावर हा सरळसरळ अन्याय आहे. ‘हूलिगन’ची जातकुळी तीच : मूळचं आयरिश आडनाव, १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी गुंडांना चिकटवलेलं.

जत्रेच्या मैदानावर आज रग्बी खेळतात. डब्लिनमध्ये ‘डॉनीब्रुक फेअर’ नावाची दुकानं आहेत, उंची किराण्याची. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं डॉनीब्रुक सफरचंदांसाठी ओळखलं जातं.

जॉन वेनच्या ‘द क्वाएट मॅन’ (१९५२) या चित्रपटात शेवटी लांबलचक गावभर चालणारी मारामारी आहे. ब्रॉडवेवर १९६१ मध्ये त्याचं संगीतक आलं, तेव्हा नाव ठेवलं ‘डॉनीब्रुक!’. उद्गारचिन्हासकट.

चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण झालं त्याच मेयो परगण्यानं जगाला आणखी एक शब्द दिला, तोही भांडणाचाच, पण हात न उचलता केलेल्या. १८८० मध्ये तिथे एका लॉर्डच्या जमिनींचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत होता. खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना त्यानं दाद दिली नाही. मग मजुरांनी शेतावर जाणं बंद केलं, दुकानदारांनी माल देणं बंद केलं, पत्रं पोचवणंही थांबलं. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च झाला. डिसेंबर उजाडताच बॉयकॉटनं आयर्लंड सोडलं. त्याआधीच त्याचं आडनाव क्रियापद होऊन वर्तमानपत्रांत फिरत होतं. पंचवीस वर्षांनी बंगालच्या फाळणीविरुद्ध देश पेटला, तेव्हा हाच शब्द कलकत्त्याच्या ठरावात आला, पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बसला : बहिष्कार.