साखरेच्या हिशेबांतील कोरा रकाना

सिन्नरच्या पेठेंत साखरेचें पोतें उतरलें म्हणजे व्यापारी वजन पाहतो, प्रत पाहतो, मग भाव ठरवितो. पण ऊस कोणीं तोडला व कोणत्या अटींवर, हा रकाना वहींत कोराच राहतो. ही रीत जुनी आहे. जेम्स ड्रॅक्स नामक इंग्रज साखरवाल्याची हकीकत वाचली कीं तिचें मूळ ध्यानांत येतें.

वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर इंग्रजांनीं १६२७ सालीं वसाहत केली. आरंभींच्या वसाहतवाल्यांपैकीं ड्रॅक्स हा एक. तंबाखूंत बरकत दिसेना, तेव्हां १६४० नंतर ब्राझीलमधील साखर करण्याची कृति त्यानें उचलली. रिचर्ड लिगन ह्याच्या १६५७ च्या ग्रंथांत ड्रॅक्सचें मूळ भांडवल तीनशे पौंडांपलीकडे नव्हतें असें नमूद आहे. पुढें तो बेटांतील बड्या धनिकांत गणला गेला. क्रॉमवेलनें त्यास ‘सर’ केलें. उद्योगाचा केवढा हा पराक्रम! पण चरकांत ऊस घालणारे हात कोणाचे? आफ्रिकेंतून गलबतांत कोंडून आणलेल्या गुलामांचे. १६६१ सालीं तेथील विधिमंडळानें गुलामांविषयीं कायदाच केला. अन्यायावर कायद्याचा शिक्का बसला कीं तो सभ्य दिसूं लागतो.

१८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश पार्लमेंटानें वसाहतींतील गुलामगिरी उठविली व दोन कोटि पौंड भरपाई मंजूर केली. ती मालकांस मिळाली, गुलामांस कवडीही नाहीं! मळ्यांस मजूर तर हवेच होते. म्हणून १८३४ पासून हिंदी मजूर गिरमिटावर मॉरिशसास जाऊं लागले. त्यांत आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथें नांदत आहेत. त्या बेटाच्या नांवावरूनच आपल्याकडे साखरेस ‘मोरस’ म्हणूं लागले. बेडी गेली, अंगठा आला.

आतां परसत्ता नाहीं. १९५० च्या सुमारास प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि शेतकरी स्वतः मालक झाला, ही अभिमानाचीच गोष्ट होय. पण ऊस तोडणाऱ्याचें काय? तो मुकादमाकडून उचल घेतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाची गणती हत्याराच्या नांवानें! उचल फिटली नाहीं तर पुढचा हंगामही गहाण पडतो. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळांत गाजला.

गुलाम व ऊसतोड मजूर एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘ते खुषीनें येतात’ हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. १८७२ चा करार-कायदा मोकळी संमति मागतो. १९७६ च्या कायद्यानें कर्जापायींची वेठबिगारी बंद केली आहे. भुकेनें उठविलेला अंगठा मोकळा कसा?

म्हणून कारखान्यांनीं मुकादमास मध्यें न घालतां मजुराशीं स्वतः लेखी करार करावा, बाईची मजुरी तिच्या नांवें मांडावी आणि उचलीचा हिशेब हंगामअखेर चुकता करावा. संगमनेर-कोपरगांवकडील कारखाने आपल्या शेजारचेच आहेत. त्यांचे सभासद आपले सोयरे व गिऱ्हाईक आहेत. पोत्याच्या वजनांत शेरभर तूट आली तर पेठ गप्प बसत नाहीं. माणसाच्या मोलांत एवढी तूट दिसत असतां तिनें गप्प कां बसावें?