हप्ता तेवढाच, कर्ज मात्र सरत नाही

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या एका मित्राने बँकेचे पत्र आणून आमच्या हातात ठेवले. हा मित्र एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. त्याचे वडील मुंबईत सफाई कामगार, राहायला पालिकेची खोली. वडील निवृत्त झाले की खोली खाली करावी लागणार, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत होते. म्हणून २०२१ साली त्याने बदलापूरला चोवीस लाखांचे घर घेतले. आईचे दागिने, पतपेढीचे कर्ज आणि मेहुण्याकडून उसने असे करून चार लाख उभे केले. बाकीचे वीस लाख बँकेचे, साडेसहा टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता १४,९११ रुपये. पन्नाशीला कर्ज फिटणार असा साधा सरळ हिशेब होता.

पत्रात लिहिले होते की व्याज आता नऊ टक्के झाले आहे आणि सध्याच्या हप्त्यात कर्ज ठरलेल्या मुदतीत फिटणार नाही. मित्र म्हणाला, "हप्ता कधी वाढलाच नाही, म्हणून मी निर्धास्त होतो." आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शिल्लक कर्ज साधारण साडेएकोणीस लाख. त्यावर नऊ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज होते १४,६२५ रुपये. म्हणजे १४,९११ मधले फक्त २८६ रुपये मुद्दलात जात होते! या वेगाने कर्ज फिटायला आणखी ४४ वर्षे लागली असती. आमचा मित्र तेव्हा ७६ वर्षांचा झाला असता.

हे घडले कसे? २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांनी बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे बाहेरच्या दराशी बांधावीत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर धरला. ४ मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत हा रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अडीच टक्के हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात किरकोळ वाटतो. वीस वर्षांच्या कर्जावर तो काय करतो, ते वर दिलेच आहे. बँकेने हप्ता वाढवला नाही, परस्पर मुदत वाढवत नेली आणि कर्जदाराला विचारले नाही. असे प्रकार देशभर झाले, म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावे लागले. व्याज वाढले की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर व्याजाकडे जायचे, हे कर्जदाराला विचारा आणि व्याजही भरून निघणार नाही इतकी मुदत ताणू नका, असे त्यात बजावले आहे. ज्यांच्यावर गृहकर्ज आहे त्या आमच्या वाचकांनी बँकेत जाऊन शिल्लक किती आणि मुदत किती उरली, हे लेखी मागून घ्यावे. तो तुमचा हक्क आहे, साहेबांची मेहेरबानी नव्हे.

महागाई रोखण्यासाठी दर वाढवले, असे सांगितले गेले. महागाई रोखू नये असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिले आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाची क्रयशक्ती घटली की पहिला मार मजुरीवर जगणाऱ्याला बसतो, याचे भान त्या सगळ्या मांडणीत आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. महागाईचा मार ज्याला बसला, तिच्यावरच्या औषधाचे बिलही त्यालाच का? ज्याने रोखीने चौथा फ्लॅट घेतला त्याला रेपो दराशी काय देणेघेणे?

आणि त्याच वेळी सरकारने काय केले? पंतप्रधान आवास योजनेत २०१५ पासून अल्प उत्पन्न गटाला गृहकर्जाच्या व्याजात सवलत मिळत होती, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये. ती ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. रेपो वाढायला लागला तो पुढच्या ४ मे रोजी. छत्री काढून घेतली आणि पाचव्या आठवड्यात पाऊस सुरू! नवी योजना २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आली. तिच्यात घर ३५ लाखांच्या आतले हवे आणि सवलत १ लाख ८० हजारांपर्यंत, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. मुंबईत ३५ लाखांत घर कुठे मिळते, ते योजना आखणाऱ्यांनी एकदा लोकलने फिरून पाहावे.

म्हाडाचेच पाहा. सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात, हे आपण अभिमानाने सांगतो. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात आवास योजनेतली अत्यल्प उत्पन्न गटाची घरे होती. किंमत तीस लाखांच्या वर, आणि उत्पन्नाची अट आधी वर्षाला तीन लाखांच्या आत. म्हणजे महिना पंचवीस हजार. सत्तावीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी काढले तर हप्ता २४,२९३ रुपये होतो. उरलेल्या सातशे रुपयांत महिना काढायचा! कोणती बँक असे कर्ज देईल? ओरड झाल्यावर मुंबई महानगरासाठी ही अट सहा लाखांवर नेली. पण सहा लाखांची मर्यादा आल्यावर तीन लाखवाला रांगेत मागे गेला, हे कोणी बोलले नाही. आरक्षण सोडतीच्या डब्यात आहे, बँकेच्या टेबलावर नाही.

बँकेच्या टेबलावर काय लागते? पगाराची स्लिप, कायम नोकरी, हातात दहा-वीस टक्के रोख. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी. मुंबईत ३५ लाखांच्या घराला मुद्रांक शुल्क आणि मेट्रो अधिभार मिळून सहा टक्क्यांनी २ लाख १० हजार आणि नोंदणीचे तीस हजार होतात. घर दहा लाखांच्या वरचे असेल तर बँक कर्ज ठरवताना ही रक्कम घराच्या किमतीत धरत नाही. ज्याच्या आजोबाचा पुण्यात वाडा होता त्याला ही रोख वाड्याच्या वाटणीतून मिळते. आमच्या आजोबांच्या वाट्याला वतनाचा तुकडा, तोही भावकीत चिंध्या झालेला. तरी कायम नोकरीमुळे आमच्या एका पिढीने घरे केली. आता त्याच सफाईच्या कामावर पोरगा कंत्राटावर लागतो. त्याला बँक दारात उभी करत नाही, आणि खासगी फायनान्सवाले जे देतात ते चढ्या व्याजाने.

मग भाड्याने राहा, म्हणतात. १९१७ साली परदेशी पदव्या घेऊन बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून हाकलले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. आज धर्मशाळेची जागा एजंटने घेतली आहे. तो लाठ्या घेऊन येत नाही. तो आडनाव विचारतो आणि "मालक फॅमिलीच बघतायत" म्हणतो. स्वतःच्या नावावरची चार भिंतींची खोली आपल्या माणसाला एवढी का हवी असते, हे अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यात येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळाली. जमीन सरकारी होती म्हणून हे झाले. मग बाकीची सरकारी जमीन कोणाला जाते आहे, हे विचारायला आपल्या संघटना कधी बसणार? पुतळ्याच्या जागेसाठी आम्ही मंत्रालयावर धडकतो. सफाई कामगार ज्या खोलीत हयात काढतो ती त्याच्या नावावर करा, यासाठी किती मोर्चे निघाले? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो, कारण या स्तंभातही आम्ही त्यावर क्वचितच लिहिले.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो चार वेळा उतरवला, एकूण सव्वा टक्का. चढताना अडीच, उतरताना सव्वा. आमच्या मित्राने तोवर वाट पाहिली नव्हती. वडील निवृत्त झाले, ग्रॅच्युइटीतले चार लाख त्याने कर्जात भरले आणि हप्ताही वाढवून घेतला. आईबाप आता त्याच्याकडे बदलापूरला असतात. धाकटा भाऊ नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो. परवा तो एका बिल्डरचे रंगीत माहितीपत्रक घेऊन थोरल्याकडे आला. घर मोठ्या भावाच्याच इमारतीशेजारी, आकारही तेवढाच, किंमत चौतीस लाख. थोरल्याने माहितीपत्रक उलटेपालटे केले आणि विचारले, "व्याज फ्लोटिंग आहे का रे?"