डाव्या हाताची सुटका

जॅझच्या तबकड्यांवर मोठ्या अक्षरांत नाव झळकतं ते पियानोवादकाचं: ड्यूक एलिंग्टन, ऑस्कर पीटरसन, बिल एव्हान्स. डबल बास वाजवणाऱ्याचं नाव शोधावं लागतं. मंचावरही माणसाहून उंच असं ते चार तारांचं लाकडी वाद्य कवेत घेऊन तो एका बाजूला उभा असतो. पण या तिघांचं उत्तमातलं उत्तम वादन कळायला हवं, तर आधी त्यांच्या बासवादकांकडे कान द्यायला हवा.

१९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर ‘स्ट्राइड’ शैलीत एकट्याने अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करत. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला डावा हात खर्जातला स्वर वाजवी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला झेप घेऊन वरची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर. ताल, खर्ज आणि कॉर्ड या तिन्हींचा भार त्या एका हातावर असे. पुढे बासवादक चारही मात्रांवर एकेक स्वर छेडत चालू लागले. या ‘वॉकिंग बास’ने तो भार हळूहळू उचलला. खर्ज सांभाळायला कुणीतरी आहे म्हटल्यावर पियानोवादकाचा डावा हात मोकळा झाला. त्याला कमी वाजवता येऊ लागलं, मधेच थांबता येऊ लागलं.

मग बासलाही बोलायचं होतं.

१९३९ साली सेंट लुईसमध्ये एलिंग्टनच्या कानावर जिमी ब्लँटनचं वादन पडलं. वाद्यवृंदात आधीच एक बासवादक होता, तरी एलिंग्टनने या तरुणाला घेतलंच. एवढ्यावर तो थांबला नाही. १९४० साली दोघांनी ‘पिटर पँथर पॅटर’सारख्या रचना फक्त पियानो आणि बास घेऊन ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत पियानो छोटे प्रश्न टाकून बाजूला होतो आणि बास फुंकवाद्याच्या चपळाईने पूर्ण वाक्यात उत्तर देतो. नावाजलेला वाद्यवृंदप्रमुख आपल्या साथीदारासाठी अशी जागा सोडतो, हे त्या काळी नवलाचंच होतं. क्षयाने गाठलेला ब्लँटन १९४२ साली गेला. तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता.

त्याच्या तबकड्या ऐकत घडलेल्या बासवादकांपैकी एक म्हणजे पिट्सबर्गचा रे ब्राउन. १९४९ साली कार्नेगी हॉलमध्ये मॉन्ट्रियलचा ऑस्कर पीटरसन अमेरिकन श्रोत्यांसमोर आला, तेव्हा त्याच्या साथीला एकटा ब्राउन होता. पुढे सुमारे पंधरा वर्षं ही जोडी टिकली. पीटरसनची बोटं वादळासारखी धावायची. ब्राउनचा ठाम, भरदार स्वर त्यांना जमीन द्यायचा. १९५०च्या दशकात बराच काळ त्यांच्या त्रयीत ड्रम्सच नव्हते, गिटार होती. त्यामुळे लयीची मोठी जबाबदारी ब्राउनच्या बोटांवर होती. याच ब्राउनला सोबत घेऊन एलिंग्टनने १९७२ साली ब्लँटनच्या स्मरणार्थ एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला.

ब्राउनने पाया भक्कम केला. स्कॉट लफारोने त्यापुढे जाऊन, बासने सतत पायाच का राहावं, असा प्रश्न केला. तो तारांवर दोन बोटं चालवी आणि वरच्या पट्टीत सहज जाई. बिल एव्हान्सला हेच हवं होतं. एव्हान्स डाव्या हाताच्या कॉर्डमधून मूळ स्वर अनेकदा वगळायचा, म्हणून त्याची सुरावट तरंगती वाटते. लफारो मात्र ती मोकळी जागा दर वेळी खर्जाने भरत नसे. तो कधी पियानोच्या सुरावटीला छेद देई, कधी तिच्या पुढे धावे. ड्रमवादक पॉल मोशनही नुसता ठेका धरून बसत नसे. लय सांभाळण्याचं काम तिघांनी मिळून घेतलं होतं.

२५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबमध्ये या त्रयीच्या पाच बैठका ध्वनिमुद्रित झाल्या. श्रोत्यांच्या गप्पा आणि ग्लासांची किणकिणही त्यांत ऐकू येते. एव्हान्सने आपल्या पुतणीसाठी रचलेलं ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तिथे फक्त पियानो आणि बासवर सुरू होतं. मग ड्रम्स येतात, तीन मात्रांची चाल चारवर जाते आणि लफारो वॉकिंग बास धरतो. उलट ‘माय फूलिश हार्ट’मध्ये तो अगदी मोजके स्वर वाजवतो. इतकी क्षमता असलेल्या वादकाने दाखवलेला हा संयम थक्क करणारा आहे.

त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, २५ वर्षांचा लफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्सने कित्येक महिने जाहीर वादन थांबवलं. त्या रविवारच्या ध्वनिमुद्रणातून निघालेला पहिला अल्बम लफारोच्या रचनेने सुरू होतो आणि त्याच्याच रचनेने संपतो. पुढे चक इस्रायल्स, अकरा वर्षं साथ देणारा एडी गोमेझ आणि मार्क जॉन्सन असे बासवादक एव्हान्सला लाभले. प्रत्येकाबरोबर त्याचा पियानो थोडा बदलला.

हे सगळं स्वतःच्या कानांनी पडताळायचं असेल, तर आधी एलिंग्टन-ब्लँटनच्या १९४०च्या जुगलबंद्या ऐकाव्यात, मग पीटरसन-ब्राउनचा १९६२चा ‘नाइट ट्रेन’ आणि शेवटी व्हॅनगार्डचा तो रविवार. प्रत्येक रचना दोनदा ऐकावी. पहिल्यांदा मन पियानोमागे धावेलच. दुसऱ्यांदा मात्र लक्ष फक्त बासवर ठेवावं.