बुडबुडा-शंखाच्या सागरी गोगलगायी : जीवन आणि वर्गीकरण

लॅटिन भाषेत 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा. कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये हेच नाव गोगलगायींच्या एका प्रजातीस दिले. त्याने या प्रजातीत अंतर्भूत केलेल्या जातींची यादी आज वाचली असता आश्चर्य वाटते. समुद्राच्या वाळूत राहणारी बुल्ला अँपुला तीत आहेच. शिवाय गोड्या पाण्यातील फायसा आणि पश्चिम आफ्रिकेच्या जमिनीवरील थोराड अकॅटिनाही आहे. शंख पाहून नाते ठरविण्याचा तो काळ होता. ही पद्धत कोठे अपुरी पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बुल्ला अँपुला ही हिंदी व प्रशांत महासागरांत आढळते. दिवसा ती वाळूत पुरलेली असते व रात्री बाहेर येऊन शेवाळ खाते. डोक्यावरील रुंद, चपटी ढाल ही तिची खरी ओळख होय. वाळूतून सरकताना ही ढाल नांगराच्या फाळाप्रमाणे काम करते. 'सेफॅलॅस्पिडिया' म्हणजे शीर्षढालधारी, हे गणाचे नाव त्यावरूनच पडले. पेषणीतील तीन कठीण पट्टिका अन्न भरडतात. प्राणी उभयलिंगी असून अंडी चिकट, जेलीसारख्या धाग्यांत घातली जातात.

अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील बुल्ला गोल्डियाना ही जाती शरीरक्रियाशास्त्रात विशेष प्रसिद्ध आहे. तिचा डोळा शरीरापासून वेगळा करून अंधारात ठेवला, तरी त्यातील विद्युत् स्पंदांचा दैनिक ताल चालूच राहतो. १९९३ मध्ये तर हा ताल एकट्या चेतापेशीतही दिसून आला. जैविक घड्याळ पेशीच्या आतच असते, या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

बाह्य आकार सारखा असला तरी अंतर्रचना निराळी असू शकते. फिलीन मांसाहारी असून तिचा शंख शरीरातच झाकलेला असतो. हायडाटिनाचा नाजूक शंख अगदी बुडबुड्यासारखा. पण ती सागरी वलयी कृमी खाते आणि तिच्यात पेषणीच्या पट्टिका नाहीत. रेणवीय पुराव्यानंतर तिला अ‍ॅक्टिऑनसह शीर्षढालधारी गणाबाहेर ठेवण्यात आले. २०१० मध्ये झालेल्या संशोधनानंतर तर 'ओपिस्थोब्रँकिया' हा उपवर्गच मोडीत निघाला. शेवाळाचा रस शोषणारी, बुडबुडा-शंखाचीच ऑक्सिनो आज बुल्लापेक्षा जमिनीवरील गोगलगायींना अधिक जवळची मानली जाते. अनेक पाठ्यपुस्तकांत मात्र जुने तीन उपवर्ग अजून तसेच आहेत.

हा केवळ नावांचा वाद नव्हे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरून हॅमिनिया कॅलिडेजेनिटा या 'नव्या' जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे २००६ मध्ये गॉस्लिनर व बेरेन्स यांनी अंतर्रचना तपासून ती पिल्सब्री याने १८९५ मध्ये जपानमधून वर्णिलेली हॅमिनिया जॅपोनिकाच असल्याचे दाखविले. म्हणजे बाहेरून आलेला प्राणी सुमारे सतरा वर्षे नव्या नावाखाली वावरत होता. दरम्यान ती सॅन फ्रान्सिस्को उपसागरातही पोहोचली होती. तेथे अल्मेडा येथील किनाऱ्यावर २००५ मध्ये पोहणाऱ्यांच्या त्वचेला खाज सुटू लागली. तिचे कारण असलेल्या, पक्ष्यांत वाढणाऱ्या परजीवी कृमीच्या डिंभावस्था याच गोगलगायीत सापडल्या.

२०१९ मध्ये तिची प्रजातीही बदलली व हॅलोआ जॅपोनिका हे नाव मान्य झाले. त्यामुळे या प्राण्याचे जुने संदर्भ शोधताना आता तिन्ही नावे पाहावी लागतात.