छोटा पॅकेट, बडा धमाका!

सिनेमातलं पिस्तूल भलतंच आज्ञाधारक असतं. हीरो एका हाताने ते खिशातून काढतो, धावता धावता तीन गोळ्या झाडतो आणि तिन्ही बरोब्बर लागतात. त्याच्या मनगटाला झटका बसत नाही की कानांना दडे बसत नाहीत. खऱ्या रेंजवर हा सगळा फिल्मी फंडा पहिल्या पाच मिनिटांत उतरतो. आणि गंमत म्हणजे, पिस्तूल जितकं लहान, तितका तो लवकर उतरतो!

हा विषय काढायचं कारण म्हणजे टेक्सासमधल्या आपल्या मराठी मित्रमंडळींच्या वीकएंड गप्पांत हमखास येणारा एक प्रश्न : ‘अरे, घरात एक छोटंसं घेऊन ठेवावं का?’ ज्यांना कायद्याने मनाई नाही, अशा २१ वर्षांपुढच्या लोकांना तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. शोकेसमध्ये तीनेकशे डॉलरच्या आसपासची, तळहाताएवढी पिस्तुलं मांडलेली असतात. छोटं, हलकं आणि वर स्वस्त! मग अडचण काय?

अडचण काय, ते दुकानात नाही, रेंजवर कळतं. ग्रीन कार्ड असल्यामुळे मला भाड्याने पिस्तुलं घेऊन ती चालवून पाहता आली. (व्हिसावर असाल तर आधी खालची चौकट वाचा!)

आत शिरण्यापूर्वी
डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर इअरमफ सक्तीचे. इनडोअर रेंजवर इअरमफच्या आत फोमचे बोळेही घाला, कारण बंद खोलीतला आवाज छातीत जाणवतो. मोठ्या गळ्याचा टी-शर्ट आणि सँडल्स घरीच ठेवा. उडालेली गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस नाचतो आणि तेव्हा त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल असतं!

रेंज ऑफिसर चार नियम पाठ करून घेतो. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजा. जे उद्ध्वस्त करायचं नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे, ते माहीत हवं. ‘यात काय कठीण?’ असं वाटतं खरं, पण पिस्तूल हातात आलं की बोट आपोआप ट्रिगरकडे धावतं. ही सवय मोडणं हाच पहिला धडा.

चार पिस्तुलं, चार स्वभाव
सुरुवात मुद्दाम थोड्या मोठ्या पिस्तुलाने केली. ग्लॉक १९ हे १९८८ सालचं मॉडेल, ९ एमएम, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. किंमत इतरांपेक्षा जास्त, पण तुलनेला उत्तम. तिन्ही बोटं मुठीवर नीट बसतात. दणका बसतो, पण ‘ओके, जमेल’ असं वाटतं. सात यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवर, कागदावर भोकं दिसू लागतात आणि आपल्यात एखादा जेम्स बाँड दडलाय की काय, अशी शंका येते.

दुसरं टॉरस जी३सी, ब्राझीलच्या कंपनीचं. खिशाला परवडणारं आणि १२ गोळ्यांचं. ट्रिगर बराच वेळ नुसता मागे सरकत राहतो आणि मग एकदम खटका पडतो. सवय होईपर्यंत गोळी नेमकी कधी सुटणार, याचा अंदाज येत नाही. मूठ मात्र बऱ्यापैकी भरते.

तिसरं स्मिथ अँड वेसनचं शील्ड. २०१२ साली आलं आणि खूप गाजलं. सडपातळ आणि दिसायला एकदम स्लीक. पण गोळी तीच ९ एमएमची आणि पिस्तूल आणखी बारीक. सलग दोन गोळ्या झाडल्या, तर दुसऱ्या वेळी नेम पुन्हा जमवायला स्पष्टपणे जास्त वेळ लागतो.

आणि शेवटी रुगर एलसीपी. २००८ चं हे पिल्लू रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. गोळीही ९ एमएमपेक्षा सौम्य, .३८०ची. म्हणजे सगळ्यात सोपं हेच असणार ना? चक्क उलटं! करंगळीला जागाच नाही, साइट्स नावापुरत्या, ट्रिगर लांबलचक आणि झटका थेट अंगठ्याच्या बेचक्यात. दोन मॅगझिननंतर हात ‘बस झालं’ म्हणतो.

न्यूटन खोटं बोलत नाही
कारण शाळेतलंच आहे. गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येतं. जड पिस्तूल सावकाश येतं, हलकं पिस्तूल जोरात. त्यात नळी आखूड असली की पुढची आणि मागची साइट जवळ येते, आणि हाताच्या जराशा हालचालीनेही नेम कितीतरी ढळतो. शिवाय दणक्याच्या धास्तीने नवखा माणूस गोळी सुटण्याआधीच मनगट दाबतो. उजव्या हाताने चालवणाऱ्यांची भोकं मग लक्ष्याच्या खाली डावीकडे जमा होतात. थोडक्यात, छोटं पिस्तूल बाळगायला सोपं, चालवायला कठीण. ते नवख्यांसाठी नाही, सराव केलेल्यांसाठी आहे. शिकायचंच असेल तर आधी .२२ चं पिस्तूल घ्या. झटका नगण्य, गोळ्याही स्वस्त.

रेंजवरची आणखी एक पद्धत विचार करायला लावते. अनेक ठिकाणी एकट्याने आलेल्या नवख्याला पिस्तूल भाड्याने देत नाहीत, सोबत कुणीतरी लागतं. कारण? आत्महत्या. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. ‘चोर आला तर’ म्हणून घरात आणलेली वस्तू चोर नसतानाही घरातच असते. मुलांच्या हाताशी आणि आपल्या वाईट दिवसांतसुद्धा.

चौकट : व्हिसावाल्यांनो, सावधान!
एच-वन-बी, विद्यार्थी किंवा टुरिस्ट व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. रेंजवर तासाभरासाठी हातात घेणंही त्यात येतं. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ‘मित्राची आहे’ हा बचाव नाही. एका झकास फोटोसाठी करिअर पणाला लावू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि भारतात? ९ एमएम पॅराबेलम आपल्याकडे सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअर. थ्रिलच हवं असेल तर शूटिंग क्लबमध्ये १० मीटर एअर पिस्तूल शिका. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेही .२२ वर!

तर मंडळी, घेण्याआधी भाड्याने घेऊन पन्नास गोळ्या झाडा. बाहेर पडताना शिशाचे कण धुवायला गार पाण्याने आणि साबणाने हात स्वच्छ धुवा. मग घरी जाऊन हिशेब मांडा : पिस्तूल, कुलपाची पेटी, दर महिन्याच्या गोळ्या, प्रशिक्षण. तीनशे डॉलरचा आकडा तेव्हा फारच छोटा वाटेल. आणि हा हिशेब नको वाटला, तर दाराला चांगलं कुलूप बसवा.